पडण्याची रीतसर कार्यवाही

सन १९५८च्या मार्च महिन्यात भिलाईच्या मजूर-कॅम्पात बायकांच्या न्हाणीघराची भिंत उद्घाटनाच्या वेळीच पडली. ठेकेदार कंपनीचे कॅम्प ऑफिसर कृष्णराव यांनी भिंतीच्या कडेवर नारळ आपटला. नारळ शाबूत राहिला, भिंत गेली.

चौकशीत सिमेंटचा विषय निघाला नाही. 'सुपरवायझर देवीदास याने नारळाला हात जोडले नव्हते' एवढी गंभीर बाब मात्र निघाली. देवीदासने दीड वर्षापूर्वी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि नारळाशी त्याचे काही देणेघेणे उरले नव्हते. त्याचे नोकरीत कायम होणे थांबले. तो झोपडीत येऊन बाजेवर पडला तो आठ दिवस उठला नाही. न्हाणीघर उघडे पडल्याने कॅम्पातल्या चौघी बायका लुगड्यांचा आडोसा धरत आणि पाचवीची आंघोळ उरकत.

नवव्या दिवशी त्याला दारातून आपली सहा वर्षांची हिरा दिसली. ती मातीचे घर बांधत होती. शेजारची बकरी त्यावरून चालत गेली. हिराने भोकाड पसरले, नाक पुसले आणि पुन्हा माती कालवायला घेतली.

"कावून बांधून राहिली वो बाई?" देवीदासने विचारले.

"पाडलं ना बकरीनं."

"अन् रडत होती ते?"

"झालं ना रडून," हिरा म्हणाली.

देवीदास उठून बसला. त्याची बायको सत्यशीला म्हणाली, "पोरीले समजते ते तुमाले समजाले आठ दिवस लागले!" तो तडक ऑफिसात गेला.

"साहेब, विटा पडल्याच आहेत. भिंत पुन्हा बांधू."

"पडलेलं पुन्हा उभं करायचं, याला आधार काय?" कृष्णरावांनी विचारले.

"माझी पोरगी," देवीदासच्या तोंडून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी तिघांची कमिटी झोपडीपुढे येऊन बसली.

"बेबी, घर कोणाच्या आदेशानं बांधलं?"

"मीनंच."

"रडण्याचा कालावधी किती?"

"रडणं होयेपर्यंत."

"बकरीवर काय कारवाई केली?"

"तिले पाला देला," हिरा म्हणाली. सदस्यांनी एकमेकांकडे पाहिले आणि 'प्रक्रिया अनियमित, परंतु परिणामकारक' असे लिहून घेतले.

अहवाल एक्केचाळीस पानांचा झाला. त्यानुसार दर शनिवारी कर्मचाऱ्यांना पडून उठण्याचे प्रशिक्षण सुरू झाले. कारकुनांनी मुरमावर पडावे, साहेबांनी गादीवर, आणि सर्वांत वरच्या श्रेणीने आपल्या वतीने चपराशाला पाडावे, असे ठरले. उठण्यासाठी वरिष्ठांची सही आवश्यक होती. एका शनिवारी सही करणारे साहेबच दौऱ्यावर होते. हेडक्लार्क सोमवारपर्यंत मैदानात पडून राहिले. त्यांची पत्नी डबा तिथेच पोचवत होती. त्यांना शिस्तीबद्दल प्रशस्तिपत्र मिळाले.

डोक्यावर विटा-गारा वाहण्याचे रेजाकाम करणाऱ्या कलावतीने लुगडे धरल्या-धरल्या हे सगळे पाहिले होते. ती देवीदासला म्हणाली, "भाऊ, पडाले पन्नास मानसं आले. भिंत उचलाले एकबी नाही. आमचे हात दुखून राहिले ना."

रविवारी देवीदासने ओळंबा घेतला. सत्यशीलेने गारा केला, कलावती आणि इतर बायकांनी विटा दिल्या. दुपारी एक कोपरा ढासळला. सगळ्यांनी देवीदासकडे पाहिले. त्याने कोपऱ्याला एक सणसणीत शिवी दिली आणि तो पुन्हा चढवला. अंधार पडायच्या आत भिंत उभी होती, आणि बायका आत शिरून दार लावून घेत होत्या.

सोमवारी मेमो आला. फाइलप्रमाणे भिंत पडलेली असताना ती जागेवर उभी आढळते, याचा खुलासा करावा.

"साहेब, पाडून टाका मंग," देवीदास म्हणाला.

पाडायची तर ती उभी होती हे आधी मान्य करावे लागले असते. कृष्णरावांनी 'भिंत उभ्या स्थितीत पडलेली आहे' असा शेरा मारून फाइल बंद केली आणि देवीदासचे नाव हजेरीपटावरून कमी केले. तीन दिवसांनी तो दुसऱ्या ठेकेदाराकडे गवंडी म्हणून लागला.

कमिटी मात्र अस्वस्थ झाली होती. पडल्यावर आपणहून उठण्याचा हा रोग मोठ्या माणसांत लहान मुलांकडून पसरतो, असा तिचा निष्कर्ष निघाला. जुलैमध्ये तिने कॅम्पात एक शाळा उघडली. पहिल्याच तासाला मास्तरांनी शिकवले, "पडल्यास पडून राहावे. कोण पडले, कोणामुळे पडले, हे मोठ्याने सांगावे. उठण्याची घाई करू नये."

हिरा दुसऱ्याच दिवशी खिडकीतून पळाली. बाकीची मुले नीट बसून राहिली. त्या शाळेचा निकाल आजही शंभर टक्के लागतो. तुमचा-आमचा नंबर तिथे कितवा आला होता, एवढे फक्त आठवून पाहावे. उठून पाहण्याची गरज नाही.