सत्कारमूर्तीचा पाय

माझे सासरे मिलिटरीत होते, ही गोष्ट मला लग्नाआधीपासून ठाऊक होती आणि इतकी वर्षं मी ती कुणाला सांगितली नव्हती. तशीच ठेवली असती तर काय बिघडलं असतं? पण त्या दिवशी क्लबाच्या सभेत माझ्या पोटात दोन बटाटेवडे होते, आणि फुकटचा वडा पोटात गेला की माझ्या तोंडाला भलताच धीर येतो. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आमचे सासरे एकाहत्तरच्या लढाईत होते."

आमचा क्लब म्हणजे सांगलीतला 'कृष्णातीर सेवा क्लब'. सेवा करण्याआधी आम्ही वडे खातो, सेवा केल्यावर फोटो काढतो आणि या दोन्हींच्या मध्ये वेळ उरलाच तर सेवाही करतो. अध्यक्ष दादासो हे हळदीचे बडे व्यापारी. बाकीचेही असेच, वकील, डॉक्टर, बागायतदार. कारकून मी एकटा. (मला का घेतलं होतं? सतरंज्या कुणीतरी घालायला हव्यात.) पण येत्या निवडणुकीत क्लबाचा चिटणीस व्हायचं, कोटाला तो पितळी बिल्ला लावायचा आणि आमच्या हेडक्लार्कसमोरून एकदा सावकाश चालत जायचं, एवढी एकच इच्छा माझ्या आयुष्यात शिल्लक होती.

लढाई होऊन तीन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात आमच्या क्लबाला जवान कधी आठवले नव्हते. मग साताऱ्याच्या एका क्लबानं जवानांचा सत्कार केला, पेपरात फोटो आला आणि आमच्या दादासोंची देशभक्ती एकदम उफाळून आली.

"साताऱ्यानं सगळी धडधाकट माणसं बसवली होती," दादासो म्हणाले. "फोटो बघणाऱ्याला काय कळणार त्यात? आपल्याला जखमी पाहिजेत. लांबनं दिसेल अशी जखम पाहिजे."

एक जखमी त्यांनी मिळवलाही होता. कडेगावकडचे नाईक आकाराम. त्यांचा डावा हात लढाईत गेला होता.

"हात झाला," दादासो समाधानानं म्हणाले. "आता एखादा पाय मिळाला की कार्यक्रम झकास. तुमच्या सासऱ्यांचं काय गेलंय?"

माझ्या सासऱ्यांचं काहीही गेलेलं नव्हतं. दातसुद्धा जागच्या जागी होते. पण तसं म्हटलं तर चिटणीसपद गेलं असतं. मी म्हणालो, "बघतो." (कारकुनानं तोंडावर 'नाही' म्हणायचं नसतं.)

"बघा. तुम्ही सासरे आणा, चिटणीसाचं मी बघतो."

घरी येऊन मी अंजनाला, म्हणजे आमच्या मंडळींना, ही आनंदाची बातमी दिली. ती पलूसकडची. तिला आनंद झाला, पण तो तिनं लगेच कामाला लावला.

"आबा येनार हायती तर आदी न्हाणीतलं शेवाळ घासा. म्हैना झाला सांगतीया. शहाबादी फरशी निस्ती साबणावानी झालीया."

"आमचा स्वच्छता सप्ताह चालू आहे. मी प्रमुख आहे त्याचा."

"मग करा की घरापासनं सुरू!"

बायकांना सार्वजनिक काम कळत नाही. एसटी स्टँडसमोर हातात नवाकोरा झाडू धरून उभं राहिलं तर फोटो येतो. घरची न्हाणी घासणाऱ्याचा फोटो कुणी छापल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

सासरे, हवालदार लालासाहेब, आदल्या संध्याकाळी आले. ताठ कणा, इस्त्रीचा सदरा, हातात लोखंडी ट्रंक. मी सत्काराचं कौतुक सांगू लागलो, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"जावईबापू, नारळाचं मला काय कौतिक न्हाई. आकाराम येनार म्हणून आलोय. माझ्याच पलटणीतला गडी. हात गेला तवा त्येला उचलून म्या आणला, त्यानंतर गाठच न्हाई. त्येच्या शेजारी बसायला मिळतंय, तेवढं लय झालं."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सासरे गार पाण्याची बादली घेऊन न्हाणीत शिरले. पहिला तांब्या ओतल्याचा आवाज आला. दुसरा आवाज तांब्याचा नव्हता.

डॉक्टरांनी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. अंजना माझ्याकडे बघत होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं. आणि मी? माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: पाय मिळाला! (हे वाचून तुम्हाला माझी किळस आली असेल. अंजनाला मी हे अजून सांगितलेलं नाही.)

"सत्कार राहू द्या आता," ती म्हणाली.

"छे! आकाराम वाट बघत आसंल," सासरे म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी टांग्यातून सासऱ्यांना उतरवलं. प्लास्टर पाहताच दादासो धावत आले. घरची वरात दारात यावी तसा त्यांचा चेहरा फुलला होता. सासरे काठी टेकत सरळ आकारामकडे गेले, दोघांनी एकमेकांना घट्ट मिठी मारली आणि कोपऱ्यातल्या बाकावर बसून हळू आवाजात बोलू लागले. इकडे दादासोंनी मला गाठलं.

"वा! कुठल्या आघाडीवर?"

"पूर्व," मी म्हणालो. (आमची न्हाणी घराच्या पूर्वेलाच आहे.)

"पण लढाईला तीन वर्षं झाली," मधु वकील म्हणाले. तेही चिटणीसपदावर डोळा ठेवून होते. "प्लास्टर एवढं पांढरं कसं?"

"जुनं दुखणं आहे. अधूनमधून उलटतं."

"वकीलसाहेब, देशभक्तीच्या कामात उलटतपासणी नको," दादासो गरजले, आणि माझ्या कानाशी म्हणाले, "बिल्ला तुमचाच."

कार्यक्रम सुरू झाला. आधी अध्यक्षांच्या आजोबांनी क्लबासाठी काय केलं ते झालं. (क्लब आजोबा वारल्यानंतर निघाला.) मग आकारामना शाल घातली. शाल मोठी होती, डावा खांदा सगळा झाकला गेला. फोटोग्राफर थांबला. दादासोंनी पुढे होऊन शाल बाजूला सारली, रिकामी बाही ओढून नीट केली आणि म्हणाले, "हां, आता दिसतंय. काढा."

आकाराम खाली बघत बसले. सासऱ्यांच्या मानेची शीर उभी राहिलेली मला दिसली. मला तेव्हाच उठून पळून जायला हवं होतं.

"आणि हा पाय!" दादासोंनी माईक तोंडाशी धरला. "पूर्व आघाडीवर शत्रूच्या गोळीनं फोडलेला हा पाय! आमच्या क्लबाचे भावी चिटणीस यांचे हे सासरे..."

सासरे काठीवर जोर देऊन उभे राहिले. त्यांनी आधी आकारामच्या खांद्यावरची शाल नीट केली, रिकामी बाही तिच्याखाली झाकली, आणि मग दादासोंच्या हातातून माईक घेतला.

"मंडळी, मला लढाईत खरचटलंसुदीक न्हाई. ह्यो पाय आज सकाळी मोडला. जावयाच्या न्हाणीत. शेवाळावरनं."

दादासोंनी माईक परत घ्यायला हात पुढे केला. सासऱ्यांनी तो सोडला नाही.

"ज्येचा हात गेला त्यो हितं गप बसलाय, आन् तुमी त्येची बाही फोटूसाठनं सारकी करताय? तुमाला लाज कशी वाटत न्हाई? ह्येच्या शेजारी बसून म्या मोडक्या पायाचं सोंग घ्यावं, आसं कुणाच्या डोक्यात आलं, त्येनं उबं ऱ्हावं."

कुणीच उभं राहिलं नाही. मी तर खुर्चीतल्या खुर्चीत जमेल तितका खाली गेलो. तेवढ्यात फिसकन हसण्याचा आवाज आला. आकाराम हसत होते.

"हवालदारसाब," ते म्हणाले, "आवं, तोफा पडत हुत्या तवा तुमी उबं हुता, आन् शेवाळानं पाडलं व्हय?"

मग सगळं सभागृह हसलं. दादासो सोडून. ते मला एवढंच म्हणाले, "सतरंज्या गोळा करून ठेवा."

चिटणीसपद मधु वकिलांना मिळालं. प्लास्टर निघेपर्यंत सासऱ्यांचा मुक्काम आमच्याकडे होता, आणि ही बातमी पलटणीत कशी पसरली देव जाणे. जुने सोबती पलूसहून, खंडाळ्याहून एसटीनं भेटायला येऊ लागले. समाचार घ्यायचे, माझ्या हातचा चहा प्यायचे, गप्पा मारायचे आणि मग सगळे उठून न्हाणी बघायला जायचे. सासरे उंबऱ्यात उभे राहून काठीनं जागा दाखवायचे.

"हितनं म्या शिरलो. बादली तितं. आन् शेवाळ ह्या कोपऱ्यापासनं त्या कोपऱ्यापातूर."

"आन् हवालदारसाब, दुश्मन कुटं हुता?" एकदा एकानं विचारलं.

सासऱ्यांनी काठी स्वयंपाकघराकडे वळवली.

"त्यो काय, च्या गाळतोय."