मंगळावरची स्वारी आणि एकशे सत्तेचाळीस हरकती

परग्रहाशी युद्ध पुकारण्यापूर्वी त्या ग्रहाने आपलं नेमकं काय बिघडवलं आहे, हे ठरलेलं असणं कोणत्याही सुसंस्कृत सैन्याला आवश्यक असतं. नाहीतर लढाई होते आणि कारण राहून जातं. कळमनुरीच्या बाजाराहून तीन कोसांवर असलेल्या आमच्या गावात जी युद्धकादंबरी लिहिली गेली, तिच्यात ही अडचण नव्हती. तिच्यात कारण पक्कं होतं आणि लढाई राहून गेली.

कादंबरीचे कर्ते किसनराव मास्तर. दिवसा सरकारी शाळेत उर्दूतून हिशेब शिकवायचे आणि उरलेल्या वेळात मराठीतून मंगळाचा नायनाट करायचे. मंगळच का, शुक्र का नाही, असं एका पाहुण्याने विचारलं होतं. पाहुणा परगावचा होता, म्हणून त्याला माफी. गावातल्या लेकरालाही ठाऊक होतं की मास्तरांच्या लेकीच्या, नीलेच्या, पत्रिकेत मंगळ आहे. सन १९३६ ते १९३८ या काळात नीलाबाईला अकरा स्थळं येऊन गेली. पैकी सात जणांनी पत्रिका पाहून नकार दिला, तिघांनी नुसतं ऐकून, आणि एकाने जेवून. (जेवणाऱ्याने श्रीखंड दोनदा मागून घेतलं होतं, ही नोंद मास्तरांनी पहिल्या अध्यायाच्या समासात केलेली आढळते.)

अकराव्या नकारानंतर मास्तर अंगणात आले, तो लाल ठिपका आभाळात शोधला, आणि म्हणाले, "थांब, तुला दाखवतो." दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन दस्ते कागद आणला. बाप माणूस दुसरं काय करणार? मुलीच्या सुखाआड जो आला त्याच्यावर हात उगारावा, तर हा पडला कोटी कोस लांब.

कादंबरीचं नाव 'मंगळाशी महायुद्ध'. मंगळावरच्या लोकांना तीन डोळे, आठ हात आणि अतिशय वाईट स्वभाव. ते आगीच्या विमानांतून पंचवीस हजारांची फौज घेऊन पृथ्वीवर उतरतात, आणि सेनापती रणधीर त्यांची खांडोळी करतो. योजना चोख होती. नांदेडच्या एका छापखान्याने अध्याय येतील तसे खिळे जुळवायचं कबूल केलं होतं. मास्तरांनी एकच चूक केली. छापण्याआधी अध्याय गावाला वाचून दाखवायचं ठरवलं.

आता आमच्याकडची वाचनाची रीत सांगणं प्राप्त आहे. आमच्या गावात काहीही वाचायचं असो, वाचणारा प्रसंग संपला की पोथी मिटून विचारतो, "पुढं जाऊ का?" सगळ्यांनी "जा" म्हटलं तरच पान उलटायचं. एकाने जरी "थांबा" म्हटलं, तरी त्याची शंका फिटल्याशिवाय पान हलत नाही. ही रीत कोणी घातली ते माहीत नाही, पण जो कोणी होता त्याला कुठं जायची घाई नसावी. या कामासाठी, मास्तर धरून, एक्केचाळीस सभासदांचं श्रोते मंडळ रीतसर स्थापन झालं. प्रस्तुत लेखक त्याचा चिटणीस. बैठक दर शुक्रवारी शाळेच्या ओट्यावर, दिवस मावळायच्या आत.

पहिले तीन अध्याय बिनहरकत पार पडले, कारण त्यांत सगळं मंगळावर घडत होतं आणि परक्याच्या घरात आपण बोलू नये, असं मंडळाचं मत पडलं. चौथ्या अध्यायात फौज खाली उतरली.

"कुठं उतरली?" द्वारकाकाकूंनी विचारलं. द्वारकाबाई म्हणजे पाच कोसांतल्या प्रत्येक घराची सोयरीक तोंडपाठ असलेली बाई. जुळवलेली लग्नं त्रेसष्ट, मोडलेली त्याहून थोडी जास्त.

"कयाधूच्या पात्रात," मास्तर म्हणाले.

"थांबा. पात्रात टरबुजाच्या वाड्या हायेत. त्याचं काय?"

दोन शुक्रवार टरबुजात गेले. शेवटी फौज एक कोस वर सरकवण्यात आली. मास्तरांनी घाम पुसला आणि वाचलं, "शत्रूचा सरदार वेशीपाशी येऊन गरजला. पुढं जाऊ का?"

"थांबा. येशीत आलेल्या मानसाला पानी इचारलं का न्हाई?"

"काकू, ते दुश्मन हायेत!"

"आसू द्या की. दुश्मनाला तहान लागत न्हाई व्हय? कोटी कोसावरून येऊन राहिलं ते लेकरू."

अठरा हात लांबीच्या तोफा सज्ज होत्या. सेनापती रणधीराने तलवार उपसली होती, ती उपसलेलीच राहिली. सरदाराला गूळ-पाणी देण्यात आलं. मग पंचवीस हजारांचं काय, असा प्रश्न साहजिकच निघाला, कारण एकाला पाजून बाकीच्यांना ताटकळत ठेवणं वाईट दिसतं. सटवाजी पाटलांनी हिशेब करून सांगितलं की आपल्या आडाने हे होणार नाही, तरी दोन मोटा नदीवर लावाव्यात. मोटा लागल्या. अध्याय वाढला.

त्यानंतर जलालुद्दीनचाचा उठले. चाचा पिंजारी. गावातली प्रत्येक गादी आणि रजई त्यांच्या हातची. ते सहसा बोलत नसत, आणि बोलले तर कापसाबद्दलच.

"तकलीफ माफ, मास्तर. आभाळातून आले म्हन्ता. वर थंडी बराबर आसंल. पंचवीस हजार मानूस, आन् एकापाशी बी रजई न्हाई? काहून?"

 चाचांनी बोटांवर मोजून आठ हातांच्या माणसाच्या रजईला किती कापूस लागेल ते काढलं (अडीचपट, हात पोटाशी घेऊन झोपल्यास दुप्पट), आणि पाचवा अध्याय रजयांत गेला.

सन १९३८च्या चैत्रापासून १९४०च्या चैत्रापर्यंत मंडळाच्या दप्तरी एकूण एकशे सत्तेचाळीस हरकती नोंदल्या गेल्या. जेवणाबाबत चौसष्ट, पाण्याबाबत एकतीस, अंथरूण-पांघरुणाबाबत बावीस, सोयरिकीबाबत एकोणतीस, आणि प्रत्यक्ष युद्धाबाबत एक. (ही एक सटवाजी पाटलांची. मास्तरांनी तोफेचा आवाज काढला तेव्हा पाटलांची झोप मोडली.) याच सुमारास विलायतेकडे दुसरं एक युद्ध सुरू झाल्याचं बाजारात कळलं. तिकडे कोणी 'पुढं जाऊ का' असं विचारलं नसावं.

पास झालेला प्रत्येक अध्याय नीलाबाई सुवाच्य अक्षरात उतरवून काढी आणि मोटारीने नांदेडला पाठवी. तिकडे संतराम नावाचा माणूस त्याचे खिळे जुळवी. हा संतराम कामाचा काटेकोर. त्याने एकदा मजकुरासोबत चिठ्ठी पाठवली: 'पान बेचाळीसवर सरदाराला आठ हात आहेत, सत्तावन्नवर सहाच. दोन कुठं गेले?'

नीलेने उलट टपाली कळवलं: 'दोन लढाईत तुटणार होते. लढाई लांबली. वडिलांनी घाईने आधीच कापून ठेवले. कृपया परत लावावेत.'

संतरामने हात परत लावले आणि दुसरी चिठ्ठी धाडली. कामाच्या पाचव्या चिठ्ठीत काम नव्हतं. सोळाव्यात तर मंगळसुद्धा नव्हता. मोटारीच्या दिवशी नीला सकाळपासून अंगणच झाडत असे, आणि आमचं कोणाचं लक्ष नव्हतं, कारण आम्ही रजया मोजत होतो.

अखेर १९४०च्या वैशाखात मास्तरांचा धीर सुटला. त्या शुक्रवारी ते ओट्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "आज लढाई हुईल. जेवले, पानी पेले, निजले. आता मरतील!"

"थांबा," द्वारकाकाकू म्हणाल्या. पण या खेपेला त्यांचा आवाज निराळा होता. "मास्तर, ह्ये समदे मंगळावरचेच ना?"

"व्हय."

"म्हंजे समद्यायलाच मंगळ."

काकू ओट्यावर पुढं सरकल्या.

"मंग अकरा ठिकानी काहून फिरलात? ह्यातलाच एखादा बघा की आपल्या नीलेला!"

हा ठराव तर्काला धरून होता, हे मंडळाला मान्य करावं लागलं. ज्याच्या पायाखालीच मंगळ, त्याला पत्रिकेतल्या मंगळाची काय भीती? सरदाराची रीतसर चौकशी झाली. हात आठ, म्हणजे शेतीच्या कामाला बरा. डोळे तीन, म्हणजे एक झोपला तरी दोन राखणीला. जमीन, अख्खा ग्रह (कोरडवाहू). रंग लाल आहे, पण उन्हात आपलाही होतो. स्वभाव वाईट, पण जावयाचा असायचाच. एक्केचाळीस विरुद्ध शून्य मतांनी स्थळ पसंत पडलं.

मास्तर खाली बसले. त्यांनी दोन वर्षं ज्याच्यावर तोफा रोखून धरल्या होत्या तोच मांडवात येऊन बसला होता. पण सांगतो, मला त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. आपल्या पोरीला अख्खं मंडळ एका आवाजात हो म्हणताना त्यांनी जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. त्यांनी उपरणं डोळ्याला लावलं आणि लिहायला घेतलं. शेवटच्या अध्यायात सेनापती रणधीराच्या मुलीचं मंगळाच्या सरदाराशी लग्न लागतं. वधूने हार घातला, आणि वरापाशी हात जास्त असल्याने त्याने चार घातले. मंडळाने अध्याय बिनहरकत पास केला. आमच्या गावाची छाती त्या दिवशी दोन वितींनी फुगली होती. इतकं मोठं मन दुसऱ्या कुठल्या तालुक्याचं असेल, असं प्रस्तुत लेखकाला वाटत नाही.

पुढच्या शुक्रवारी संतराम स्वतः आला. बगलेत शेवटच्या अध्यायाचे कच्चे छाप, बोटांना शाई. ओट्यासमोर उभा राहून म्हणाला, "मास्तर, हा अध्याय मी दोनदा जुळवला. एकदा छापखान्यासाठी, एकदा माझ्यासाठी. मला पत्रिकाच न्हाई. आमच्याकडं कुनी काढतच न्हाई. मंगळ आसंल, नसंल. पन नीलाबाईंनी माझ्याशी लग्न करावं, आसं मला लई वाटतं. त्यांनाबी वाटतं. इचारा."

नीला शाळेच्या दाराशी उभी होती. विचारायची गरज पडली नाही.

मंडळाला आनंद झाला. पाणी देण्यात आलं. मग द्वारकाकाकूंनी मायेने विचारलं, "गाव कोनतं म्हनलास, लेकरा? मामा कोन? आडनाव काय?"

त्याने आडनाव सांगितलं.

 मग सुरुवात झाली. "थांबा!" "थांबा!" "थांबा म्हन्तो!" त्या एका संध्याकाळी एकोणचाळीस हरकती नोंदल्या गेल्या. दोन वर्षांत मंडळाने गाठलेला हा सर्वोच्च वेग. पाण्याबाबतची हरकत एकच होती, आणि ती दिलेला पेला आता घासायचा कोणी, याबद्दल होती. पहिली हरकत प्रस्तुत लेखकाची. चिटणीसाने मागं राहून चालत नाही. दप्तरात तिची कारणं दिलेली नाहीत; कारणं सगळ्यांनाच ठाऊक होती. मास्तरांना जे दोन वर्षं कागदावर साधलं नाही ते महायुद्ध त्यांच्या डोळ्यांदेखत ओट्यावर पेटलं, आणि शत्रूला हात दोनच होते.

गप्प दोघंच होते. त्यातले एक जलालुद्दीनचाचा. ते उठून म्हणाले, "आठ हातवाल्याला रजई दिली तुमी. माझ्याकडून मोजून घेतली. ह्याला तर निम्म्यात भागून जातंय." आणि संतरामच्या बाजूला जाऊन बसले. त्याच्या हातातला पेला घेतला आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

मग नीला ओट्याच्या पायरीशी आली. गर्दीकडे तिने पाहिलंच नाही. बापाकडे पाहून रीतीप्रमाणे विचारलं, "बाबा, पुढं जाऊ का?"

दुसरा गप्प माणूस तो. रीतीप्रमाणे "जा" सगळ्यांनी म्हणायचं असतं. एकोणचाळीस जण "थांबा" म्हणून उभे होते. किसनराव मास्तरांनी आमच्याकडे, ज्यांना दोन वर्षं पानं वाचून दाखवली त्या आमच्याकडे, एकदा नीट पाहिलं. मग मुलीला म्हणाले, "जा, बाई. ह्या कादंबरीचा कर्ता मी हाय."

लग्न नांदेडला झालं. मांडवात मास्तर, चाचा आणि छापखान्याची माणसं. आहेरात एक रजई, दोन माणसांची, अस्सल कापसाची. नीला पुढं त्याच छापखान्यात कच्चे छाप तपासू लागली, आणि तिच्या नजरेतून हात सुटत नाहीत असं म्हणतात. चाचा सांगतात, सुखात आहे. आम्ही विचारत नाही. ते आपणहून सांगतात, जरा मोठ्यानेच.

'मंगळाशी महायुद्ध' छापून आली. दोनशे बारा पानं, एकही गोळी नाही. नाव बदलावं, असं छापखान्याने सुचवलं होतं. मास्तर म्हणाले, राहू द्या, महायुद्ध झालं आहे, फक्त पुस्तकात बसलं नाही. श्रोते मंडळाच्या बैठका अजून चालतात. त्रासदायक हरकतींचा विषय आता निघत नाही, आणि मंगळाच्या जावयाचं अजूनही सगळे तोंडभरून कौतुक करतात.

आता वाचकांची रजा घेतो. आपण शहाणे, सुधारलेले, पुढच्या काळातले. आमच्या गावाला हसलात, हे योग्यच झालं. संतरामचं आडनाव मी कुठंही लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. ते ऐकल्याशिवाय कोणाचं काही अडत नसेल, तर गोष्ट इथं संपली. पण 'असं काय बरं आडनाव असेल' म्हणून आपण मघापासून मनात दोन-चार लावून पाहिली असतील, तर संकोच करू नये. मंडळात दोन जागा रिकाम्या आहेत. शुक्रवारी, दिवस मावळायच्या आत. येताना आपलं आडनाव सांगावं, म्हणजे पेला कोणता द्यायचा ते ठरवता येईल.