खोत मास्तरांचा चौथा चरण

खोत मास्तरांच्या कोटाला पाच बटणं होती आणि त्यातलं मधलं दर दोन-तीन महिन्यांनी तुटायचं. कारण एकच. समोरचा काही बोलायला लागला की मास्तर ते वाक्य बटणावर मोजायचे. लघु अक्षर आलं की नुसतं बोट लावायचं, गुरू आलं की बटण दाबायचं. माणूस बायकोच्या आजारपणाचं सांगत असला तरी मास्तरांचं बोट चालूच. सांगून झालं की म्हणायचे, "अरेरे! फार वाईट झालं. पण काय हो, आपलं वाक्य भुजंगप्रयातात बसता बसता राहिलं!"

आता अशा माणसाला मारावं की मिठी मारावी, तुम्हीच सांगा.

आम्ही दोघं एकाच शाळेत. ते मराठीचे, मी कवायतीचा. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या गोठ्याला लागूनच त्यांची भाड्याची खोली. एकटा जीव, मागं ना पुढं कोणी. बोलणं एकदम छापील. "पैलवान, आपण चहा घेणार का?" आमच्या पेठेत कुणी कुणाला 'आपण' म्हणत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, हा गडी आपल्यावर रागावलाय. सगळे समजायचे मास्तर पुण्याचे. मास्तरांनीही कधी 'नाही' म्हटलं नाही.

पण वर्गात त्यांचा हेका वेगळाच. गोष्ट शिकवताना फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचे : पात्राला त्याच्या तोंडानं बोलू द्या. "शेतकरी शेतकऱ्यासारखा बोलला नाही, तर तो शेतकरी नव्हे, शेतकऱ्याचा पोशाख घातलेला लेखक!" हे बोलताना स्वतःच्याच वाक्याला बटण दाबायचे.

ते तोंड शोधायला मास्तर रोज संध्याकाळी दूध कट्ट्यावर यायचे. परगावच्या मंडळींना सांगायला पाहिजे, आमच्याकडं गवळी म्हैसच चौकात आणून बांधतो, गिऱ्हाइकासमोर धार काढतो आणि फेसाळ पेला हातात देतो. पाणी घातलं म्हणायची सोयच नाही. माझी चुलती बाळाक्का आमची म्हैस घेऊन तिथं बसायची. मास्तर तिच्याकडचा पेला घेऊन उभे राहत, आणि कान चारी दिशांना.

एकदा म्हैस बांधायच्या जागेवरून माझं आणि धोंडिबा गवळ्याचं जुंपलं. मी बाह्या वर केल्या, त्यानं पटका काढून ठेवला. मी ओरडलो, "तुझ्या टकुऱ्यात तुडतुडं शिरल्यात काय रं?" तेवढ्यात मास्तर दोघांच्या मध्ये घुसले, वही उघडून. "थांबा! पैलवान, पुन्हा म्हणा. 'टकुऱ्यात तुडतुडं'! काय अनुप्रास आहे! एकच अक्षर कसं पुन्हा पुन्हा आपटतंय!"

धोंडिबाला ते लागलं. "का ओ मास्तर, ह्येचंच लिवणार व्हय? माझं बी लिवा की!"

मग आम्ही दोघं पाळीपाळीनं एकमेकांना शिव्या सांगत बसलो आणि मास्तर लिहून घेत बसले. शेवटी जागेचं काय ठरलं ते मला आजही आठवत नाही.

त्या वहीचं पहिलं पान मात्र वेगळं होतं. त्यावर जात्यावरच्या ओवीचे तीन चरण होते आणि चौथ्याची जागा कोरी. वह्या संपायच्या, नवी वही यायची, की पहिल्या पानावर पुन्हा तेच तीन चरण आणि तीच कोरी जागा. नळावरची बाई असो, भाजीवाली असो, मास्तर टोपी नीट करून विचारणार, "ताई, ही ओवी आपण कुठं ऐकली आहे का? हिचा चौथा चरण हवा आहे." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. एकदा मी म्हटलं, "सोडा की मास्तर. एका ओळीसाठी कशाला एवढा जीव टाकताय?"

मास्तर कधी नव्हे ते चिडले. "पैलवान, ती ओळ मिळाल्याशिवाय मला मरायचं नाही." आमच्या बाळाक्कालाच तेवढं त्यांनी विचारलं नव्हतं, कारण धार काढताना तिच्याशी बोलायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी शाळेच्या हस्तलिखितासाठी मास्तरांनी मलाच गोष्ट लिहायला बसवलं. मी म्हटलं, मास्तर, मी लेझीम शिकवणारा माणूस. पण ते कसले ऐकतात! शेवटी मी बाळाक्कावरच लिहिली. चार रात्री खपून लिहिली, आणि खरं सांगतो, वाचून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी वाचली. बटणाला हात नाही, काही नाही. नुसतं म्हणाले, "चला कट्ट्यावर."

कट्ट्यावर भर गर्दीत मला म्हशीपुढं उभं केलं. "वाचा. बाळाबाई म्हशीला जे म्हणतात, ते म्हशीला उद्देशून वाचा."

मी घसा खाकरून वाचलं, "हे प्रिय महिषी, क्षणभर स्थिर राहा. मी तुझे दूध काढण्यास आले आहे."

म्हशीनं शेपटी माझ्या तोंडावर मारली आणि उलटी फिरली. बाळाक्का चरवी घेऊन उठली. "मुडद्या, मी कवा असं म्हणलो? आनि 'आले' म्हणं! मी काय पुन्याची हाय?" आमच्याकडं बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात, हे लिहिताना मी साफ विसरलो होतो. मग तिनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली, "हं, सर की गं बया, किती नकरं करशील!" आणि म्हैस गुमान जागेवर आली.

"बघितलंत?" मास्तर खुशीत ओरडले. "पात्राचं तोंड खरं की खोटं, याची परीक्षा म्हैस घेते!"

सगळा कट्टा खो खो हसला. मला धरणी ठाव देईना. आणि त्या खुशीच्या भरातच मास्तरांना हिंमत आली असावी. त्यांनी वहीचं पहिलं पान उघडलं आणि बाळाक्कासमोर धरलं. "बाळाबाई, ही ओवी..."

"मला वाचाय येतंय व्हय? म्हणून दाव."

मास्तरांनी वर्गात म्हणावी तशी खणखणीत म्हटली, "जात्या, तुझी घरघर, थांब क्षणभर, ऐकू दे, पुत्र माझा वाचितो..."

बाळाक्कानं धार थांबवली. "मास्तर, रागावू नगा. पर ह्या पोरानं माझं जे केलं, त्येच तुमी ही ववी म्हननाऱ्या बाईचं केलंय. दळाय बसल्याली बाई 'क्षणभर' म्हणतीया? कोन हुती ती?"

मास्तरांचं बोट बटणावर गेलं आणि तिथंच राहिलं. "माझी आई," ते म्हणाले.

कट्ट्यावरचं हसणं थांबलं.

मग हळूहळू बाहेर आलं. मास्तर पुण्याचे नव्हतेच. इचलकरंजीच्या अलीकडच्या एका खेड्यातले, कुणब्याच्या घरचे. गावातून शिकायला पहिल्यांदा बाहेर पडलेला मुलगा. सुट्टीत घरी आला की पहाटे पुस्तक घेऊन बसायचा आणि आई शेजारी दळायची. "तिसऱ्या चरणावर मी दर वेळी ओरडायचो, 'आई, ल्योक नव्हे, मुलगा म्हण. अशुद्ध बोलू नकोस.' ती तिथंच थांबायची. पुढं पुढं तिनं माझ्यासमोर गाणंच सोडलं. बोलणंही कमी केलं. मी शिकलो आणि माझी आई मुकी झाली. ती गेली, बाळाबाई, आणि चौथा चरण मी एकदाही ऐकला नाही."

एवढी वर्षं हा माणूस सगळ्या कोल्हापूरचं बोलणं का लिहून घेत हिंडत होता, ते मला तेव्हा कळलं. मघाशी आपण याला हसलो, याची मला लाज वाटली.

बाळाक्कानं दुधानं ओले झालेले हात पदराला पुसले, फरशीवर मांडी घातली आणि जात्याचा खुंटा धरावा तसा हात फिरवायला लागली. "बसा हितं. आनि आता तुमच्या आईच्या तोंडानं म्हना. लाजू नगा."

पांढरा कोट घातलेले खोत मास्तर भर चौकात, म्हशींच्या पायांजवळ मांडी घालून बसले. हात फिरवायला लागले. दोनदा खाकरले. मग म्हणाले, अगदी हळू :

"जात्या तुजी घरघर, थांब वाईच, ऐकू दे,
ल्योक माजा वाचीतो..."

आणि थांबले. दर वेळी आईला जिथं थांबवायचे, तिथंच.

बाळाक्काचा हात थांबला नाही. तिनं त्याच चालीवर पुढची ओळ घेतली, "त्येचा सबूद कानी पडू दे."

मास्तर तिच्याकडं बघत राहिले. "हाच होता? तुम्ही ऐकलीय ही ओवी?"

"न्हाय बा. कवाच न्हाय ऐकली."

"मग?"

"आवो, आई हाय ती! जातं थांबवून ल्योकाचं वाचनं ऐकाय बसल्याली बाई दुसरं काय म्हनंल? तुमी म्हनताय मुकी झाली. मुकी कशानं हुतीया? गप बसून तुमाला ऐकत आसंल की!"

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. धोंडिबानं तोंड फिरवलं, मी म्हशीचं दावं उगीचच सोडून पुन्हा बांधलं. बाळाक्कानं पेला भरून त्यांच्यापुढं धरला, "घे लेकरा, फेस मरतोय."

"व्हय आक्का," मास्तर म्हणाले.

पहिल्यांदाच मी त्यांचं स्वतःचं तोंड ऐकलं. पेला संपवून त्यांनी मिशीवरचा फेस पुसला, पेन्सिल काढली आणि वहीच्या पहिल्या पानावरचे तिन्ही चरण खोडून चारही नव्यानं लिहिले. मला राहवलं नाही. सवयीनं विचारलं, "मास्तर, लघु-गुरू बसतात का बघा की."

मास्तरांचे दोन्ही हात वहीवर होते.

"मोजलं न्हाय," ते म्हणाले.