विरजणाची बादली

पाहुण्याची करवंटी

उनाइसीनं करवंटीतलं गढूळ, फसफसतं पाणी पाहिलं आणि तिच्या हातातला पंखा थांबला. मुळी कुटून पाण्यात कालवलेली यांगोना गढूळच असते. पण यांगोना फसफसत नाही.

तोवर राजधानीहून, सुव्याहून, आलेल्या सरकारी तुइलोमा साहेबांनी करवंटी एका दमात रिकामी केली होती. पाहुण्याला पहिली करवंटी, आणि ती ओठाला लागली की मध्ये थांबायचं नाही. पुरुषांनी टाळ्या वाजवल्या.

"जरा आंबट आहे," साहेब म्हणाले.

"कादावू बेटाची मुळी, साहेब," साकियासी छाती काढून म्हणाला. "तिकडची आंबटच निघते."

साकियासी म्हणजे उनाइसीचा भाऊ. बादली त्यानंच आणली होती.

बादली, त्याआधी

मागच्या ओसरीवर दोन बादल्या होत्या. दोन्ही चर्चला रंग दिला तेव्हाच्या, दोन्हींवर फडकं. एकीत उनाइसीच्या नवऱ्यानं, विलिमोनीनं, गाळून ठेवलेली यांगोना. दुसरीत जंतू. घाण खाणारे जंतू, कोंडा आणि काकवीवर महिनाभर मुरवलेले. विरजण उनाइसीनं दूरच्या गावाहून मागून आणलं होतं आणि होतं तेवढं सगळं लावलं होतं.

ओढा कशानं नासला, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काठावर विलिमोनी आणि साकियासीच्या डुकरांचे गोठे होते. बायका म्हणायच्या, गोठे वर टेकाडावर न्या. पुरुष म्हणायचे, जंतू आहेत ना, ते बघतील. ओढ्यातल्या शिंपल्या विकून बायका घरं चालवायच्या. त्यावर तुइलोमा साहेबांनीच बंदी घातली होती. आज त्यांच्यादेखत जंतू ओढ्यात सोडायचे, मग ते बंदीचं ठरवणार.

नवऱ्याची करवंटी

विलिमोनीनं घोट घेतला, आणि त्याला कळलं. उनाइसी दाराजवळच्या बायकांतून सरकत त्याच्या पाठीशी आली.

"अहो, ते जंतू आहेत."

"होते. आत गेले."

"मग थांबवा की!"

"काय सांगून? साहेब, डुकरांची घाण खाणारे प्यायलात, पचले का?"

"निदान माझ्या भावाला तरी सांगा."

"तूच सांग."

"आपल्या रीतीत बहीण भावाशी बोलते का कधी?"

"आज बोललीस तर देव माफ करील."

"देव करील हो. आई नाही करणार."

विलिमोनी मेव्हण्याच्या कानाशी वाकला. "साल्या, बादली चुकलास."

साकियासीनं बादलीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे. "दाजी, एकच उपाय. पटकन संपवून टाकू."

"मूर्खा, संपवायची नाही, उरवायची आहे! ओढ्यात काय तुझं डोकं घालू?"

साहेबांची पुन्हा

साकियासी तळाला जेमतेम ओल राहील अशा करवंट्या भरू लागला. साहेबांनी आपली तिरपी करून पाहिली.

"ही ओहोटी कसली? गावात टंचाई आहे का?"

असं कुणी या गावाला आजवर म्हटलं नव्हतं. सगळ्यात म्हाताऱ्या आजोबांनी मान वर केली आणि हुकूम सोडला, "भरती!"

मग भरतीच होत राहिली. जे प्यायले ते टाळ्या वाजवत होते, आणि उनाइसी ऐकत होती. बादलीत करवंटी खरवडल्याचा आवाज आला तेव्हा साहेब म्हणाले, "चवीची सवय लागते हो."

ओढ्याची करवंटी

दुसरी बादली विलिमोनीनं ओढ्यावर नेली. न नेऊन काय करतो? साहेबांनी फडकं काढलं, हुंगलं.

"वास तर यांगोनाचा येतोय."

"आमच्याकडे सगळ्यालाच येतो, साहेब. उशीलासुद्धा."

कादावूची उत्तम यांगोना घाणीत पडताना पाहून पुरुषांचे डोळे भरून आले. साहेबांना वाटलं, ओढ्यावर केवढं प्रेम! साकियासीनं सवयीनं टाळ्या वाजवल्या, म्हणून त्यांनीही वाजवल्या.

"पावसाच्या आधी परत येईन," जाताना ते म्हणाले. "पाणी निवळलं तर काढा शिंपल्या. नाही तर बंदी कायमची."

रिकामी

उनाइसी रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसली.

"नवं विरजण कधी मिळेल?" विलिमोनीनं विचारलं.

"कशाला हवंय? जंतू आहेत की गावात."

"कुठे?"

तिनं त्याच्या पोटाकडे बोट दाखवलं.

"ज्याच्या पोटात जंतू, त्यानं घाण काढावी. माझ्या भावालाही सांगा. नाही तर मी साहेबांना कळवते, त्यांनी काय पचवलं ते."

साकियासी दोन हात अंतरावर उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि काहीच न ऐकल्यासारखं नारळाच्या झाडाकडे पाहिलं. मग फावडं उचललं.

गोठे टेकाडावर गेले. डुकरं जायला तयार नव्हती, दोन्ही धनी तर त्याहून नव्हते. त्यातलं एक डुक्कर शेवटी साकियासीनं खांद्यावर घेतलं. काठाची घाण टोपल्यांनी वर वाहून खड्ड्यात गाडली. कुणी दमून बसलं की कुठल्या तरी ओसरीवरून बाईचा आवाज यायचा, "काय, जंतू झोपले वाटतं?"

पावसाच्या आधी साहेब आले. ओढ्याचा तळ दिसत होता. कमरेइतक्या पाण्यातून उनाइसी वर आली, ओच्यात ओल्या शिंपल्या घेऊन. साहेबांनी तिथंच बंदी उठवली.

"काय ताकद आहे त्या जंतूंत!" ते म्हणाले. "वरच्या खोऱ्यातल्या गावालाही एक बादली द्या."

"देते की. त्या गावात पुरुष किती आहेत?"

"पुरुषांचा काय संबंध?"

उनाइसीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या तळहातांचे घट्टे अजून गेले नव्हते.

"अहो, साहेबांना सांगा," ती म्हणाली, "तेवढ्या करवंट्या लागतील."