पेढीच्या मानकऱ्यांनी समभाग संपादिले त्याची हकीकत

श्रीविष्णु प्रसन्न, आणि त्यांचे चरण चुरणारी लक्ष्मी अंमळ अधिक प्रसन्न. शके अमुक, मंदी नाम संवत्सरे, कोणे एके राज्यीं वर्तमान वर्तलें तें ऐसें जे, विसाजीपंत निवृत्त शिरस्तेदार यांणी कुटुंब द्वारकाबाई यांच्या पाटल्या मोडून राज्याच्या पेढीचे समभाग घेतले, आणि घेतांच भाव उतरूं लागला. राज्याचा दंडक ऐसा, कीं पेढीच्या आतल्या गोटांतील मानकऱ्यानें पेढीचे समभाग घेतले वा विकले तर चौकांत दवंडी पिटावी, रयतेस कळावें. मग एके दिवशीं सटवोजी दवंडीवाला ओरडला, "दिवाणसाहेब यांणी समभाग विकिले होऽ!" आणि पंत पागोटें उलटें घालून विकावयास निघाले. द्वारकाबाई उंबऱ्यांत आडव्या आल्या.

"चाललांत कोठें?"

"दिवाण पळाले! पाटल्या बुडाल्या!"

"पळतात कसले! लेकीचें लग्न काढलें आहे त्यांनी. वऱ्हाडाला काय समभाग वाढायचे?"

मग पंत खालीं बसले. आणि भाव आणखी उतरला, आणि पुन्हां दवंडी जाहली, "समस्त मानकरी मंडळींनी समभाग संपादिले होऽ!" पंतांस वीरश्री चढली.

"अगो, नथ काढ! आतले सगळेच घेताहेत!"

"संपादिले म्हणजे? विकत घेतले, कीं फुकट मिळाले?"

पंतांची हयात दरबारी लिखाणांत गेली, परंतु या शब्दावर ते प्रथमच अडखळले. मग सटवोजीस गाठिलें. तो म्हणाला, "पंत, पेढीनें बक्षिसी वाटली. दमडी कोणी दिली नाहीं. पण दवंडींत फुकट म्हणायचा हुकूम नाहीं."

पुढें कांहीं काळानें खजिनदारांनीही संपादिल्याची दवंडी आली. हे खजिनदार पाहुण्यास सुपारी दाखवून डब्यांत परत ठेवणारे. पंत शहाणे जाहले होते; म्हणाले, "बक्षिसीच!" तों द्वारकाबाई पाणवठ्यावरून हांसत आल्या. "खजिनदारीणबाईंनी अबोला धरलाय. काशीयात्रेचा पैका नवऱ्यानें समभागांत घातला म्हणे. हे पदरचे हो!"

"मग नथ?"

"नथ नाकांतच. पाटल्या मात्र समभागांत आहेत तेथें राहूं द्या."

"आणि खजिनदारच चुकले तर?"

"चुकतील कीं! पण बुडतांना सोबतीला खजिनदार असेल. आजवर रयत एकटीच बुडत आली."

पंतांनी मान्य केलें. दुसरे दिवशीं भाव आणखी उतरला, तरी पंत घरींच राहिले आणि कुटुंबास शेंगा सोलूं लागले.

तात्पर्य, मानकरी विकतो त्यास कारणें शंभर, पदरचे घालून घेतो त्यास आशा एक. आणि आशा खजिनदारासहि फसविते. जाहलें तें लिहिलें. भाव लिहिणाराच्या हातीं नाहीं.