स्कारथॉर्पचा पोहण्याचा पोशाख

१९८८च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या स्कारथॉर्पच्या कौन्सिलने गावातल्या समुद्रस्नानाची सव्वाशे वर्षं साजरी करायचं ठरवलं. प्रदर्शनाची जबाबदारी म्युझियममधल्या सुनीती लिमयेकडे आली, कारण त्या आठवड्यात रजेवर नसलेली ती एकटीच होती.

सुनीतीने जुने कागद उपसले. पूर्वी बायका चाकांवरच्या लाकडी खोलीत बसत, घोडा ती खोली पाण्यात ओढून नेई, आणि आतून बाई फ्लॅनेलचा झगा घालून उतरे. झगा तरंगू नये म्हणून त्याच्या काठात शिसं शिवलेलं असे. हे सगळं १८६३च्या उपनियमात लिहिलेलं होतं: स्त्रीचं अंग मानेपासून घोट्यापर्यंत झाकलेलं असावं. सुनीतीने तो हौसेने फ्रेम करून लावला.

कौन्सिलच्या मिस्टर हॅलमनी तो वाचला. "हा रद्द कधी झाला?"

"झालेला दिसत नाही."

"म्हणजे लागू आहे."

"मग रद्द करा ना!"

"त्याला कमिटी लागते. ती ऑक्टोबरमध्ये बसते. पाळायला कमिटी लागत नाही."

उद्घाटनाच्या सकाळी वॉर्डननी बिकिनीतल्या एकूण एक बाईला नोटीस दिली. अकरापर्यंत बीच ओस पडला. मेयर आले, टीव्हीवाले आले. पाण्यात मात्र कुणी नाही. हॅलम सुनीतीला म्हणाले, "कायदेशीर स्नान झालं नाही, तर प्रदर्शन फसलं असं रिपोर्टमध्ये लिहावं लागेल. तुमच्या नावानिशी."

इतक्यात तिच्या सासूबाई, पुण्याहून आलेल्या यमुनाबाई, पाचवारी साडीनिशी सरळ समुद्रात शिरल्या. डॉक्टर मुलगा शशिकांत मागून ओरडला, "अगं आई, इथे असं चालत नाही! लोक हसतील!"

"हसू देत. मी समुद्र बघायला आले आहे, लोक नाही."

हॅलम बूट भिजवत मागे धावले. पदराने मान झाकलेली, घोटे झाकलेले. त्यांनी वाकून साडीचा काठ चाचपला. "आत काय शिवलंय?"

"फॉल," सुनीती म्हणाली. "काठ खाली राहावा म्हणून."

"उत्तम!" हॅलमनी तिथेच प्रमाणपत्र लिहिलं. मेयरनी टाळ्या वाजवल्या, आणि सुनीतीचं नाव रिपोर्टमध्ये चांगल्या अर्थाने गेलं.

पेपरात फोटो आला. सहलीला साडी नेसून येऊ नका, असं पत्रक काढणाऱ्या लीड्सच्या मराठी मंडळाने लगेच ठराव केला: बीचवर महिलांनी साडीच नेसावी. नुकत्याच पोहायला शिकलेल्या सुनीतीने विचारलं, "आणि पुरुषांनी?"

सेक्रेटरी अतुलराव गोंधळले. "त्यांचा प्रश्न कधी आलाच नाही, वहिनी."

कौन्सिलने ऑक्टोबरमध्ये उपनियम रद्द केला. मंडळाचा अजून चालू आहे. तुमच्या घरचाही असेल. तो लिहिलेला नसतो, म्हणून रद्दही करता येत नाही.