डोमाजी आणि घरच्या बाईची पसंत

तुमसरच्या बाजारात टाईल्सच्या दुकानासमोरच्या बाकावर डोमाजी बसलेले असले, की एकट्या पुरुषाला आत शिरणं अवघड. ते हात आडवा घालत.

"बाई कुठं हाय?"

"घरी आहे."

"मंग तुमी कायले आले? जिले सैपाक करा लागते, तिले आना!"

हे सगळं ओरडून. राइस मिलमध्ये फिटर म्हणून जन्म गेलेला. भात सडणाऱ्या हलरच्या खडखडाटानं कान गेले होते, आणि आपलंही कोणाला ऐकू येत नाही अशी त्यांची समजूत होती.

ऐंशी सालाच्या आसपास आमच्याकडं भिंतीला फुलांच्या टाईल्स लावायची नवी हौस आली होती. तोवर चुलीमागची भिंत म्हणजे चुना आणि त्यावर फोडणीचे डाग. डोमाजी दुकानाचे ना मालक ना नोकर. "गिऱ्हाईक पळवते हा बुढा," म्हणत शेठजी कपाळाला हात लावत, आणि त्यांनाच चहा सांगत. कारण बायकोला घेऊन परतलेलं गिऱ्हाईक न्हाणीच्याही टाईल्स नेत असे.

नाकाडोंगरीचा एक शेतकरी मळकं दिसू नये म्हणून चॉकलेटी रंग घ्यायला आला होता. डोमाजींनी त्याला आल्या बसनं परत धाडलं. दुसऱ्या दिवशी बायको आली, पदर दातात धरून.

"तुमाले कोनती पसंद हाय, बाई?"

"यायले विचारा."

"यायले नाही, तुमाले!"

चौथ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "ते अंगूरवाली."

"अंगूर? काहून?" नवरा चकित.

"सारा दिवस भितीकडं तोंड करून उभी राहतो मी. काही तरी पाहाले पाहिजे ना."

नवऱ्यानं अंगूर घेतले.

आमच्या स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा मी शहाणपणानं सुशीलाला, म्हणजे बायकोला, सोबतच नेलं. डोमाजी आमचे शेजारी. आम्ही राहायला आलो तेव्हापासून एकटेच. त्यांनी कानामागं हात धरून तिची पसंती ऐकली. "निळी फुलं. बारीक. बराबर?" पुन्हा तिच्याकडून वदवून घेतलं.

सुशीलाला गंमत वाटली. "काकाजी, तुमच्या घरी कोणत्या आहेत?"

पहिल्यांदाच ते ओरडले नाहीत. "नाही लावल्या."

मग बाकावर बसले. "सरस्वती होती तवा आलतो दोघं. इथंच. तिनं बोट दाखवलं, काही बोलली. रस्त्यानं ट्रक जाऊन राहिला होता. मले आयकूच नाही आलं. पुन्हा विचाराची लाज वाटली, ती म्हनन, मानूस बहिरा झाला. मी म्हटलं, हो हो."

"मग?"

"मी हो म्हटलं म्हनून घरापरेंत खुश होती बिचारी. दिवाळीले लावू म्हटलं. तवाच विचारू नीट, असं मनात होतं. दिवाळीच्या आधीच गेली."

शेठजी उगाच टाईल पुसत राहिले. सुशीला मात्र त्यांच्याकडं वळली. "शेठजी, जुने सुटे नग आहेत?"

मागच्या खोलीत फुटक्या खोक्यांतले खूप होते. "एकेक प्रकारची एकेक द्या," ती म्हणाली. "त्यात काकूंची असेलच ना, काकाजी?"

डोमाजींनी हे तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

डोमाजींच्या घरी मिस्त्री वैतागला. "हे भित हाय का गोधडी?" गुलाबाशेजारी बदकं, बदकांखाली टमाटर, आणि मधेच न्हाणीसाठी छापलेली एक मासोळी. पण भिंत पुरी केली.

त्या रविवारी डोमाजींनी आम्हाला चहाला बोलावलं. स्टोव्हवर आधण ठेवून ते भिंतीकडं पाहत उभे होते.

"मला वाटतं, काकूंची ही बदकांची असेल," सुशीला म्हणाली.

"नाही वो!" डोमाजी गरजले. "बदकं नाही तिची. लहानपनी बोडीच्या पान्याकाठी बदक लागलं होतं तिच्या मांगं. बदक पाहिलं का रस्ता बदलवे."

बोलता बोलता ते थांबले. स्वतःच्याच बोलण्यानं चकित झाल्यासारखे.

"म्हंजे हे गेली," म्हणत त्यांनी बदकांवर बोट ठेवलं. मग मासोळीवर नेलं. "हेही नाही. पोरगी होती तवाच तुळशीची माळ घातली होती तिनं." मग गुलाब. "गुलाब... थांबा जी, गुलाबाचं सांगतो."

आधण उकळून अर्धं झालं. त्यात साखर, चायपत्ती कोणीच टाकली नव्हती.